हानलेला जाताना बरोबर काय न्यावे?

वैशाखाच्या या दिवसांत, डोक्यावर पंखे गरगरत असताना आणि पाठीला सदरा चिकटलेला असताना, लोकरी पायमोज्यांविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. ठाण्याच्या माणसाची थंडीशी ओळख ती किती! जानेवारीत एखाद्या पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरला की तलावपाळीवर फिरावयास येणारी मंडळी कानटोप्या काढतात आणि दिवसभर त्याच थंडीच्या गप्पा चालतात. अशा गावातून नोव्हेंबरच्या महिन्यात, जिथे रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो अशा मुलखात, पंधरवडाभर राहावयास जाण्याचा योग आम्हाला आला. बॅगेत काय भरावे हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होईपर्यंत परतीची वेळ झाली होती! तेव्हा झालेल्या चुका आणि त्यांमागची कारणे आपणांपुढे ठेवावी, एवढाच आजचा हेतू आहे.

हानले हे गाव लडाखच्या आग्नेय कोपऱ्यात, चांगथांग नावाच्या उंच पठारावर आहे. लेहहून निघाले की उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा अशी गावे घेत सिंधूच्या काठाकाठाने लोमापर्यंत जावयाचे आणि तेथे नदी सोडून दक्षिणेस वळावयाचे. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. गावात सतराव्या शतकातील बौद्ध मठ आहे. लडाखचा प्रसिद्ध राजा सेंगे नामग्याल १६४२ साली मोहिमेवरून परतताना याच हानले गावी मरण पावला. आज मात्र हे नाव ऐकू येते ते तेथील वेधशाळेमुळे. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तेथील एका टेकडीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली. तिला सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिले आहे. २००० साली तिच्यातून प्रथम आकाश पाहिले गेले आणि पुढच्याच वर्षी ती उपग्रहाच्या दुव्याने बंगळूरजवळच्या होसकोटे येथून चालविता येऊ लागली.

मग माणसांनी तेथे जावयाचेच कशाला, असे कोणी विचारील. दुर्बीण दुरून चालते हे खरे; पण ती बिघडते जागेवरच. शिवाय आता तेथे ती एकटी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बंगळूरकरांच्या साहाय्याने सात दुर्बिणींचा ‘हगार’ नावाचा संच तेथे बसविला. पवईच्या आयआयटीचा वाटा असलेली सत्तर सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून तेथे आहे. आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘मेस’ या २१ मीटर व्यासाच्या प्रचंड दुर्बिणीचे उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. कुलाबा, पवई, तुर्भे! आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीतून सकाळी डबा घेऊन जी हजारो माणसे बाहेर पडतात, त्यांतली कित्येक याच संस्थांत कामाला जातात. तेव्हा हानले आपण समजतो तितके परके नाही.

हा मुलूख वाळवंट आहे, असे सांगितले की ऐकणारा चमकतो. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेर येते, उंट येतो. वस्तुतः वाळवंट ठरते ते उष्णतेवरून नव्हे, पावसावरून. वर्षाला पंचवीस सेंटिमीटरांहून कमी पाऊस झाला की भूगोलवेत्ते त्याला वाळवंट म्हणतात. या हिशेबाने जगातील सर्वांत मोठे वाळवंट अंटार्क्टिका हे होय. हानलेला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून दहा सेंटिमीटरसुद्धा पाणी पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, म्हणजे चौऱ्याण्णव सेंटिमीटर पाऊस कोसळला, हे आपल्यापैकी ज्यांनी ती रात्र लोकलच्या डब्यात काढली ते विसरणे शक्य नाही. हानलेला तेवढे पाणी पडावयास नऊ-दहा वर्षे लागतील. हिमालयाने मोसमी ढग अलीकडेच अडवून धरलेले असतात. आकाश निरभ्र, हवेत बाष्प नाही आणि आसपास दिवा नाही. खगोलशास्त्रज्ञाला यापलीकडे काय हवे? परंतु ज्या गोष्टी दुर्बिणीला मानवतात, त्याच माणसाच्या शरीराला आणि त्याच्या सामानाला छळतात. बॅग भरताना लक्षात ठेवावयाचे शत्रू तीन: विरळ हवा, कोरडेपणा आणि थंडी. आम्ही निघताना फक्त तिसऱ्याचा विचार केला होता.

विरळ हवेचा पहिला हिसका लोणच्याने दिला. घरून निघताना कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी, झाकण घट्ट पिळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून बॅगेत घातली होती. हानलेला बॅग उघडली तो आतल्या दोन लोकरी बनियनांना मोहरीच्या डाळीचा आणि तेलाचा अभिषेक झालेला. कोणाला वाटेल, झाकण सैल असेल. दोष झाकणाचा नव्हता. ठाण्यात बरणी बंद केली तेव्हा तिच्यात ठाण्याची हवा कोंडली गेली. हानलेला बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तावन-अठ्ठावन टक्केच असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेचारशे ग्रॅमांचा जोर आतून बाहेर लागतो. सात सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हा जोर सोळा-सतरा किलोंचा होतो. झाकणाखाली कोणी गव्हाची अर्धी गोणी उभी करून वर रेटावी, तसाच हा प्रकार. तेल वाट काढणारच. चिवड्याची पाकिटे तर उशांसारखी टम्म फुगतात, आणि शाईचे पेन खिशातच रडू लागते. उपाय सोपा आहे. बरणी काठोकाठ भरावी, आत हवा ठेवू नये. अथवा लेहला पोहोचल्यावर झाकण एकदा उघडून पुन्हा लावावे. दंतमंजनाच्या नळीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सर्वांना हाच नियम लागू.

तीच विरळ हवा स्वयंपाकात आडवी येते. पाणी तेथे ८५ अंशांच्या आसपासच उकळू लागते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर खदखदली तरी दाणा टणकच राहतो. ज्वाळा वाढवून उपयोग नाही, कारण उकळत्या पाण्याचे तापमान त्याने तिळभरही वाढत नाही. अशा वेळी कुकर म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. शिट्टीचे वजन आतला दाब बाहेरच्यापेक्षा ठराविकच वाढविते. त्यामुळे ठाण्यात कुकरच्या आत सुमारे १२० अंश होतात, ते हानलेला ११२ च्या घरात. दोन शिट्ट्या अधिक द्याव्या लागतात, एवढेच. चहा मात्र कसाही केला तरी फिक्का होतो. त्याला आमच्यापाशी उपाय नाही.

उंचीवर भूक मंदावते, हे आणखी एक. मुक्कामी डाळ-भात-भाजी मिळत होती आणि ती करणाऱ्याच्या हाताला चवही होती. पण घास पुढे सरकत नसे. तेव्हा कामाला आले ते घरून नेलेले मेतकूट, लसणीची चटणी, आमसुले आणि भाजलेले शेंगदाणे. थालीपिठाची भाजणी नेली असती तर बरे झाले असते. डिंकाचे लाडू मात्र नेऊ नयेत. त्यांतले तूप गोठून त्यांचे असे गोळे बनले की आमच्या एका सोबत्याने अखेर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ मारून ते फोडले आणि चहात भिजवून खाल्ले. खोबरेलाची गत याहून वाईट. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजते. आपल्याकडेसुद्धा डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते. हानलेला तिचा दगड होतो. तिळाचे तेल न्यावे, नाहीतर लेहच्या बाजारात जर्दाळूच्या बियांचे तेल मिळते ते घ्यावे.

आता कोरडेपणा. कोकणच्या दमट हवेत जन्म गेलेल्या माणसाला याची कल्पनाच येत नाही. धुतलेला पंचा उन्हात तासाभरात वाळतो तेव्हा मौज वाटते. दुसऱ्या दिवशी ओठ फाटतात, तिसऱ्या दिवशी नाकातून रक्ताचा थेंब येतो. आजी निजताना नाकाच्या कडेला साजूक तुपाचे बोट लावीत असे, ते आम्हाला तेथे आठवले. पेट्रोलियम जेली तेच काम करते. तहान लागत नाही, पण श्वासागणिक शरीरातले पाणी उडून जात असते. म्हणून थर्मास हवाच, आणि तो रात्री उशाशी हवा. ऊनही कमी लेखू नये. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. थंडी आहे म्हणून ऊन लागत नाही असे समजणाऱ्याचे नाक दोन दिवसांत सोलून निघते. काळा चष्मा हा तेथे शौक नव्हे.

कोरड्या हवेची दुसरी खोडी म्हणजे स्थिर विद्युत. नायलॉनमिश्रित स्वेटर अंधारात अंगावरून काढला की ठिणग्यांची चमचम दिसते आणि दाराच्या कडीला हात लावताच झटका बसतो. माणूस दचकतो आणि हसतो. पण तोच झटका उघड्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला बसला तर ती निकामी होते. म्हणून यंत्राशी काम असणाऱ्याने मनगटाला बांधावयाचा भूमीशी जोडलेला पट्टा आणि सुती डगला न विसरता न्यावा.

कपड्यांविषयी पुष्कळ सांगितले जाते, म्हणून आम्ही थोडक्यात आटोपतो. एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा एकावर एक तीन-चार थर बरे. थंडी अडविते ती थरांमध्ये कोंडलेली हवा. अंगाला लागून सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवते आणि चालणे थांबले की तोच घाम बर्फासारखा होतो. लोकर घालावी. गंमत अशी की जगातील उंची लोकरींपैकी एक, पश्मिना, याच चांगथांगातल्या शेळ्यांच्या अंगावर उगवते, आणि त्या राखणारे चांगपा लोक स्वतः मात्र जाड गोंचा घालून हिंडतात. हातमोजे दोन जोड घ्यावेत: आत बोटे हलतील असे पातळ, वर जाड. उघड्या हाताने पाना पकडू नये.

ज्या गोष्टीने आमचे खरे नुकसान केले ती आता सांगतो. आमच्याबरोबर नोंदी साठविण्यासाठी संगणकाच्या दोन हार्ड डिस्क होत्या, आत चकती फिरणाऱ्या. ठाण्यात त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. अशा डिस्कमध्ये वाचणारे टोक चकतीला टेकत नाही. चकती वेगाने फिरते, तिच्यासरशी हवेचा एक थर फिरतो, आणि त्या थरावर ते टोक तरंगत राहते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहून कमी. हवाच विरळ झाली तर हा थर टोकाला उचलून धरू शकत नाही. हवाबंद नसलेल्या बहुतेक डिस्क सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंतच चालविण्याच्या असतात आणि तसे त्यांच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलेही असते. ते आम्ही वाचले हानलेला, तिसऱ्या रात्री, डिस्कमधून खरखर आवाज येऊन ती बंद पडल्यावर. दोन रात्रींच्या नोंदी गेल्या. दुसरी डिस्क आम्ही चालू करण्यास धजलो नाही. सगळ्या सोबत्यांच्या खिशांतल्या पेन-ड्राइव्हांवर पुढचे काम कसेबसे भागविले. त्या दोन रात्री आकाश इतके स्वच्छ होते की तसे पुन्हा मिळाले नाही. चकती नसलेली, घनस्थितीची डिस्क नेली असती तर हे टळते. किंमतीतला फरक पाहून आम्ही जुन्याच बरोबर घेतल्या होत्या, हे कबूल करावयास हवे.

विरळ हवेत यंत्रे तापतातही लवकर, कारण पंखा फिरला तरी उष्णता वाहून नेणारी हवाच थोडी. उच्च दाबाच्या विजेच्या तारांतून ठिणगी उडण्याची भीतीही तेथे वाढते. ‘मेस’च्या कॅमेऱ्यात मंद प्रकाश टिपणाऱ्या १०८८ नळ्या आहेत आणि अशा नळ्यांना उच्च दाबाची वीज लागते. ही दुर्बीण दीडशे टनांहून कितीतरी जड आहे. आधी ती हैदराबादला जुळवून पाहिली, मग सुटी करून हानलेला नेली. बॅगेत एक स्वेटर अधिक घ्यावा की नाही यावर घरी तासभर वाद घालणाऱ्या आम्हाला तिच्यापुढे उभे राहिल्यावर, तिचा एकेक नटबोल्ट मोजून पेटीत भरणाऱ्या त्या अज्ञात माणसांविषयी मोठा आदर वाटला. तेथे एक बोल्ट कमी पडला तर कोपऱ्यावर दुकान नाही.

सामान बांधण्यातली छोटी चूक किती महाग पडू शकते याचे दाहक उदाहरण दुसऱ्या थंड वाळवंटात, अंटार्क्टिकात, घडलेले आहे. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परतताना वाटेतल्या साठ्यांवर ठेवलेले रॉकेल कमी भरले. डब्यांच्या बुचांना कातड्याच्या चकत्या होत्या. थंडीत त्या आक्रसल्या आणि तेल झिरपून उडून गेले. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळवून पाणी नाही, ऊन अन्न नाही. ती माणसे परतली नाहीत. उपासमार, वादळे, अशी इतर कारणेही होती. पण त्यांच्याआधी ध्रुव गाठलेल्या अमुंडसेनने आपल्या डब्यांची तोंडे डाख लावून बंद केली होती. आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघाली, ती सत्तर वर्षांचे हे अनुभव गाठीशी असताना.

आता बॅगेत न मावणाऱ्या गोष्टीविषयी. ती म्हणजे सवड. मुंबईहून रात्री निघालेला माणूस दिल्लीमार्गे दुसऱ्या सकाळी लेहला, ३५०० मीटरवर, उतरतो. काल तो समुद्रसपाटीवर होता. शरीराला विरळ हवेची सवय व्हावयास दिवस लागतात, तास नव्हेत. लेहला दोन-तीन दिवस केवळ विश्रांती घ्यावी आणि पुढे निजण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे हानलेआधी वाटेत एखादा मुक्काम आलाच. आमच्यानंतर आलेल्या एका तरुणाने रजा कमी म्हणून लेहला एकच रात्र काढली. व्यायामाने कमावलेला देह, त्याला कशाची भीती! हानलेला पहिल्या संध्याकाळी डोके दुखू लागले, मध्यरात्री ओकारी, आणि पहाटे धड चालता येईना. मेंदूला सूज येऊ लागल्याची ही खूण असते. यावर खरा उपाय एकच, खाली उतरणे; पण चांगथांगात ‘खाली’ जवळ नाही. सिंधूकाठची वाटेतली गावेसुद्धा चार हजार मीटरांच्या आसपास आहेत. प्राणवायूचे नळकांडे नाकाला लावून त्याला गाडीत घातले आणि लेहला पोहोचवीपर्यंत दुपार झाली. तो बरा झाला. नळकांडे नसते तर काय झाले असते, हे आम्ही आपसांत कधी बोललो नाही.

तेव्हा प्राणवायूची सोय आहे की नाही हे निघण्याआधी विचारून घ्यावे. उंचीवरच्या त्रासासाठी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी आहे. ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांचे वावडे असेल तर. २०२० सालच्या साथीत घरोघरी घेतलेले बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आता कपाटात पडून आहेत, ते बरोबर घ्यावे. मात्र हानलेला तो पंच्याऐंशी दाखवू लागला म्हणून घाबरू नये. तेथे निरोगी माणसाचा आकडाही ऐंशीच्या घरात असतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे: डोकेदुखी वाढते आहे का, बसल्याजागी धाप लागते आहे का, पाऊल सरळ पडते आहे का. रक्तदाबाच्या वा हृदयविकाराच्या रुग्णाने तर बॅग भरण्यापूर्वीच डॉक्टरांकडे जावे.

काही वस्तू न नेणे हेही बॅग भरणेच. पांढऱ्या झगझगीत प्रकाशाचा टॉर्च नेऊ नये. अंधाराला डोळा पुरता सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका झोताने ती मेहनत वाया जाते. दुर्बिणीचे तर नुकसान होतेच. २०२२ साली हानलेभोवतीच्या सहा वस्त्यांसह एक हजाराहून अधिक चौरस किलोमीटरांचा टापू ‘अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित झाला. गावकऱ्यांनी घरांच्या दिव्यांना आडोसे केले, खिडक्यांना जाड पडदे लावले, आणि त्यांच्यातल्याच चोवीस स्त्री-पुरुषांना दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखविण्याचे शिक्षण दिले. त्यांनी एवढे करावयाचे आणि आपण झोत पाडीत फिरावयाचे, हे शोभत नाही. गणपतीच्या मखराचा लाल जिलेटीन कागद घरात उरलेला असतोच. त्याच्या दोन घड्या टॉर्चच्या तोंडावर रबराने बांधल्या की काम झाले. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत निम्म्या शक्तीने चालतात, त्या अंगाजवळच्या खिशात ठेवाव्या. बाहेरून उबेत येताना कॅमेरा आधी पिशवीत घालून तिचे तोंड बांधावे, नाहीतर भिंगावर आणि आतही दव धरते.

प्लास्टिकच्या पाणीबाटल्याही शक्यतो नकोत. तेथे कचरा नेणारी घंटागाडी येत नाही. आम्ही नेलेल्या रिकाम्या बाटल्या बुचे लावून परत आणल्या. घरी आल्यावर चार दिवसांनी बॅग उपसली, तेव्हा त्या सगळ्या कोणी मुठीत चिरडाव्यात तशा आत दबलेल्या होत्या. हानलेची विरळ हवा आत आणि ठाण्याची भरदार हवा बाहेर. घरातल्या लहान मुलाने एकीचे बूच उघडले. फुस्स आवाज झाला, बाटली हळूहळू फुगून उभी राहिली, आणि उरलेल्या तिन्ही बाटल्या त्यानेच उघडावयाच्या असे त्याने आमच्याकडून वचन घेतले.